एक सूर हलतो, बाकीचे थांबतात

हिंदी चित्रपटगीतांच्या धून हवाईयन गिटारवर वाजवलेल्या जुन्या रेकॉर्ड ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना त्या वाद्याचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. आडवं ठेवलेलं गिटार, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारी मींड. आता अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं एखादं कंट्री गाणं ऐका. तिथेही तोच पोलादी दांडा, तीच मींड. पण नीट कान दिला की एक कोडं समोर येतं. तीन सूर एकदम छेडले जातात. त्यातला एक जागचा हलत नाही आणि दुसरा त्याच्या शेजारून सावकाश वर चढून नव्या जागी विसावतो. दांडा तर सगळ्या तारांवर एकाच वेळी टेकलेला आहे. तो सरकला तर सगळे सूर सारखेच सरकायला हवेत. मग हा एकटा कसा सरकला?

सरकवणारा दांडा नव्हताच, वादकाचा पाय होता. हे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. चार पायांवर उभं असलेलं, अरुंद टेबलासारखं दिसणारं. वर दहा तारा, खाली तीन पेडल आणि गुडघ्याने डावी-उजवीकडे ढकलायचे चार-पाच लिव्हर. हे वाद्य घ्यायचं किंवा जुळवायचं ठरलं की चर्चा बहुतेक वेळा पिकअप कोणता, अ‍ॅम्प्लिफायर कोणता, इफेक्ट कोणते इथून सुरू होते, कारण ‘आवाज’ तिथून येतो असं वाटतं. या लेखाचं म्हणणं उलट आहे. पेडल स्टीलमधली प्रत्येक निवड एकाच गरजेतून निघते: वाजत्या तारांपैकी एखादीच नेमकी हलली पाहिजे आणि नेमकी परतली पाहिजे. ही गरज आधी लोखंडात भागवावी लागते, विजेत नंतर. म्हणून साहित्याचा विचार खालून वर, पायाकडून स्पीकरकडे करायला हवा.

दांड्याची मर्यादा

पोलादी वस्तू तारांवर सरकवून गिटार वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय सहसा जोसेफ केकुकू या तरुणाला देतात. गेब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या खलाशाचं नावही काही जुन्या आठवणींत येतं. तिथून हे वाद्य अमेरिकेत गेलं आणि भारतातही आलं. १९४०च्या दशकात टाउ मो हा हवाईयन कलावंत कुटुंबासह कोलकात्यात राहत होता, आणि बंगालमध्ये या वाद्याची मोठी परंपरा तयार झाली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी ते रागसंगीतात आणलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत पोचली आहे.

इथे एक फाटा फुटतो, आणि तो समजला की पेडलांची गरज लगेच पटते. आपल्या संगीतात चाल एका तारेवर चालते. स्थिर सूर हवा असतो, पण तो चिकारीच्या तारा आणि तानपुरा देतात, आणि त्यांना दांडा शिवतही नाही. हलणारा सूर आणि थांबलेला सूर यांची वाटणी आपोआप होते. पाश्चात्त्य गाण्यात मात्र आधार असतो कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांच्या जुडग्याचा. गाणं पुढे जातं तसं एक जुडगं दुसऱ्यात बदलतं, आणि बदलताना काही सूर दोघांत सामाईक राहतात. सरळ दांडा हे करू शकत नाही. तो सा-ग-प हे अख्खं जुडगं उचलून वर नेईल, पण सा तिथेच ठेवून फक्त ग आणि प यांना हलवणार नाही. दांडा तिरका धरून यातलं थोडंफार साधता येतं, आणि हवाईयन वादकांनी ती कला फार पुढे नेली. तरीही तिरका असला तरी दांडा सरळच असतो. दोन तारांमधलं अंतर तो बदलेल, पण तिसऱ्या तारेला कुठे जायचं हे मग आपल्या हातात उरत नाही.

यावर उपाय म्हणून पेडल लावलेली वाद्यं १९४०च्या सुमारासच निघाली होती. गिब्सन कंपनीचं इलेक्ट्राहार्प हे त्यातलं एक. पण तेव्हा पेडलचा उपयोग बहुधा दोन वाक्यांच्या मधे तारांची जुळणी बदलायला होई. खरं वळण आलं ते कंट्री गायक वेब पियर्सच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात. त्यातल्या स्टील वादकाने, बड आयझॅक्सने, तारा वाजत असतानाच पेडल दाबला, आणि सुरांचं ते सरकणं लपवण्याऐवजी तेच ऐकवलं. त्यानंतर नॅशव्हिलमधल्या स्टील वादकांना आपल्या वाद्याला पेडल लावल्याशिवाय चैन पडेना.

दहा तारा, सरगमच्या भाषेत

आज सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘ई नाइन्थ’ नावाची जुळणी. इंग्रजी अक्षरांत ती किचकट दिसते. ई या सुराला सा मानलं की ती एकदम मोकळी होते. वादकापासून सर्वांत दूरची तार पहिली धरली तर क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. चौथ्या तारेचा सा मध्य सप्तकातला धरला तर आठव्या तारेचा सा त्याच्या एक सप्तक खाली. या यादीत काहीतरी विचित्र आहे हे लगेच लक्षात येईल. सर्वांत उंच सूर पहिल्या तारेवर नाही, तिसऱ्या तारेवर आहे. पहिल्या तारेचा रे त्याच्याखाली आहे आणि दुसऱ्या तारेचा नी तर चौथ्या तारेच्या सा-च्याही खाली आहे. या दोन तारा मागाहून आल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टील वादक बडी एमन्सने त्या जोडल्या, कारण आठ तारांत कॉर्ड भरपूर होत्या पण चाल वाजवायला मधले सूर हाताशी नव्हते. क्रम मोडला, पण उजव्या हाताच्या बोटांना सोयीचं झालं. सोय आधी आणि नीटनेटकेपणा मग, हे या वाद्यात वारंवार दिसतं.

आता पेडल. वादक त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. ए पेडल दोन्ही प-तारांना ध-वर नेतो. बी पेडल दोन्ही ग-तारांना म-वर नेतो. चौथी, पाचवी, सहावी आणि आठवी तार छेडली की सा-ग-प वाजतं. दोन्ही पेडल दाबा, सा-म-ध होतं. सा जागचा हललेला नाही. दांडाही तिथेच आहे. फक्त ग आणि प आपापल्या जागेवरून उठून शेजारच्या घरात जाऊन बसले. सुरुवातीला सांगितलेलं कोडं ते हेच. पाश्चात्त्य लोकगीतांत सर्वांत जास्त लागणाऱ्या दोन कॉर्ड एका पावलाच्या दाबाने मिळतात, आणि तिसरी हवी असेल तर दांडा सातव्या खुणेवर नेला की झालं. बड आयझॅक्सच्या वाद्यात ही दोन्ही कामं एकाच पेडलवर होती. ती दोन पेडलांत वेगळी झाली तेव्हा एक सूर आधी आणि एक मागाहून, असं विणकाम शक्य झालं.

चौकट : कोणता खटका काय करतो
(ई नाइन्थ जुळणी, ई = सा. वादकागणिक थोडा फरक असतो.)
ए पेडल: प → ध (पाचवी आणि दहावी तार)
बी पेडल: ग → म (तिसरी आणि सहावी तार)
सी पेडल: सा → रे (चौथी), प → ध (पाचवी)
डावा गुडघा, एका बाजूला: सा → कोमल रे (चौथी आणि आठवी)
डावा गुडघा, दुसऱ्या बाजूला: सा → नी (चौथी आणि आठवी)
उजव्या गुडघ्याच्या एका लिव्हरवर: नी खाली (दुसरी), कोमल नी → ध (नववी)
डावा गुडघा वर उचलून, असा लिव्हर असल्यास: प → तीव्र म

या सगळ्या नेमणुकीच्या तक्त्याला वादक ‘कोपेडंट’ म्हणतात: कोणता पेडल, कोणती तार, किती बदल. वाद्य विकत घेताना हा तक्ता पाहणं म्हणजे घर घेताना नकाशा पाहण्यासारखं आहे. रंग नंतर बदलता येतो.

मिलिमीटरचा शंभरावा भाग

पेडल दाबल्यावर आत काय होतं? जुन्या काळ्या सायकली आठवा. त्यांच्या ब्रेकला वायर नसे, लोखंडी सळ्या असत. मूठ दाबली की सळी ओढली जाई, कोपऱ्यावरचा काटकोनी तुकडा फिरे आणि दुसरी सळी चाकाशी रबर टेकवी. पेडल स्टीलच्या पोटात नेमकं हेच आहे. पेडलपासून एक सळी वर जाते आणि आडवा दांडा फिरवते. त्या दांड्यावरचा काटकोनी तुकडा, बेलक्रँक, दुसरी सळी ओढतो. ती सळी वाद्याच्या उजव्या टोकाला ‘चेंजर’ नावाच्या यंत्रापर्यंत पोचते. चेंजरमध्ये प्रत्येक तारेसाठी बोटाएवढा एक धातूचा तुकडा असतो. तार त्याच्या गोल माथ्यावरून वळून खाली अडकवलेली असते, म्हणजे तारेची घोडीही तोच आणि खुंटाही तोच. सळीने तो मागे ओढला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. त्याच बोटाचा दुसरा भाग स्प्रिंगने जागेवर धरलेला असतो. तो ओढला की तार सैल पडते आणि सूर उतरतो. एकच सा-ची तार म्हणूनच एका लिव्हरने चढते आणि दुसऱ्याने उतरते.

आता आकडे पाहू, कारण या लेखाचा मुख्य पुरावा त्यांच्यातच आहे. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. सूर एका पूर्ण स्वराने चढवायचा तर ताण साधारण २६ टक्के वाढवावा लागतो, अर्ध्या स्वराने चढवायचा तर १२ टक्के. ताण पुष्कळ वाढतो, पण पोलाद इतकं ताठ असतं की त्यासाठी तारेची लांबी मात्र अगदी थोडी वाढते. तिसऱ्या तारेचा ग म-वर नेताना चेंजरचं बोट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास हलतं. त्या एका मिलिमीटरमध्ये शंभर सेंट सामावलेले असतात. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. याचा अर्थ, एका सेंटला मिलिमीटरचा सुमारे शंभरावा हिस्सा मिळतो. सांध्यात कुठे केसाच्या जाडीइतकी ढिलाई असली, तर सूर पाच-सात सेंटनी चुकतो, आणि कॉर्डमध्ये तेवढी चूक सरावलेल्या कानाला स्पष्ट कळते. कोणताही पिकअप ही चूक दुरुस्त करत नाही. उलट पिकअप जितका चांगला, तितकी ती स्वच्छ ऐकू येते.

दुरुस्तीची सोयही यंत्रातच दिलेली असते. वाद्याच्या उजव्या कडेला सळ्यांच्या टोकांवर नायलॉनचे लहान नट दिसतात. दाबलेल्या पेडलचा सूर ते फिरवून मिळवतात. मोकळ्या तारेचा सूर खुंटीने, दाबलेल्याचा या नटांनी, असं दोनदा मिळवावं लागतं. बेलक्रँकला ओळीने भोकं असतात. सळी कोणत्या भोकात अडकवली यावर पेडल किती खाली जाणार आणि किती जड लागणार हे ठरतं. हलका हवा तर लांब जाणार, आखूड हवा तर जड होणार, दोन्ही एकदम मिळत नाही. एकाच पेडलवर दोन तारा असतील तर त्या बरोबर निघून बरोबर पोचायलाही हव्यात, नाहीतर एक सूर आधी जाऊन उभा राहतो आणि दुसरा मागून धापा टाकत येतो. दुसऱ्या टोकाकडेही लक्ष द्यावं लागतं. खुंट्यांकडच्या बाजूला तार स्थिर खाचेत बसवली तर घर्षणामुळे थोडा ताण पलीकडे अडकून राहतो, म्हणून तिथे प्रत्येक तारेखाली फिरती रोलर असते. ती घाणीने अडकली तरी सूर परत जागेवर येत नाही, आणि दोष बिचाऱ्या तारेला दिला जातो.

आणखी एक घटना आहे जी चांगल्या वाद्यातही पूर्ण टळत नाही. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर असतो. ए आणि बी पेडल एकदम दाबले की त्यात सात-आठ किलोंची भर पडते. त्या ओढीने वाद्याचं लाकूड आणि सांगाडा अगदी किंचित वाकतो, आणि ज्या तारांना कोणी हातही लावलेला नाही त्या थोड्या सैल पडतात. स्थिर राहायला हवा तो सा-च काही सेंटनी उतरतो. याला वादक ‘कॅबिनेट ड्रॉप’ म्हणतात. वाणसामानाचं पोतं ठेवल्यावर खाट जशी मधे दबते, तसंच. जुनं वाद्य घेताना ट्यूनर लावून चौथ्या तारेचा सा छेडावा, दोन्ही पेडल दाबावेत आणि काटा किती खाली येतो ते पाहावं. हा आकडा वाद्याच्या बांधणीबद्दल जे सांगतो, ते त्याच्या वार्निशवरून कळत नाही.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील: एमन्स कंपनीच्या जुन्या ‘पुश-पुल’ वाद्यांचं यंत्र जुळवायला अवघड, तरी त्यांच्या आवाजाला तोड नाही असं कित्येक वादक मानतात. मग आवाज यंत्रापेक्षा मोठा नाही का? पण त्या वाद्यांचं वेगळेपणही यंत्रातच आहे. त्यांच्यात पेडल न दाबता चेंजरचं बोट सांगाड्याला घट्ट टेकून बसतं, स्प्रिंग आणि सांध्यांवर तरंगत नाही. तारेचा कंप थेट सांगाड्यात उतरतो. म्हणजे हा आक्षेप खरा असला तरी तो आपल्या मुद्द्याच्याच बाजूने साक्ष देतो.

तिसरी तार का तुटते

पेडल स्टील वाजवणाऱ्याच्या पेटीत तिसऱ्या तारेच्या जादा पुड्या असतातच. ०.०११ इंच जाडीची ही तार वारंवार तुटते. पहिला विचार येतो, जरा जाड तार लावावी. तो उपयोगाचा नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. जाड तारेला तोच सूर लावायला जास्त ताण लागतो, आणि तो ताण पेलायला तिच्याकडे तेवढंच जास्त पोलाद असतं. दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. म्हणून पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार जाडीवर अवलंबून नसतो. तो फक्त तारेची लांबी आणि सूर यांवर ठरतो. तिसरी तार मोकळी असतानाच पोलादाच्या सहनशक्तीच्या बरीच जवळ असते, आणि बी पेडल दर वेळी त्यात १२ टक्क्यांची भर घालतो. तार चेंजरच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा वाकते, आणि तिथेच थकून तुटते. पेडल स्टीलच्या तारेची वाजती लांबी साधारण चोवीस ते साडेचोवीस इंच ठेवतात, ती याच हिशेबामुळे. याहून लांब वाद्याचा नाद कदाचित भारदस्त येईल, पण तिसरी तार टिकणार नाही. चेंजरचा माथा गुळगुळीत ठेवणं आणि तार तुटायची वाट न पाहता बदलणं, एवढंच वादकाच्या हातात आहे.

गंधार कुठे लावायचा

तारा कशा मिळवायच्या हा प्रश्न या वाद्यात गिटारपेक्षा अवघड आहे, आणि मराठी वाचकाला तो अमेरिकन वाचकापेक्षा लवकर कळेल. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आणि हार्मोनियमच्या पट्टीचा गंधार एक नसतात. पट्टीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, कारण हार्मोनियम आणि पियानो यांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. हार्मोनियमविरुद्ध आपल्याकडे जे आक्षेप घेतले गेले, आणि आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर जी बंदी घातली, त्यांत मींडेच्या अभावाइतकाच हाही मुद्दा होता. पेडल स्टीलवर सूर लांब टिकतात आणि कॉर्ड उघडी वाजते, म्हणून चढा गंधार इथे थरथरतो, घासतो. तेव्हा बहुतेक वादक ट्यूनरचा काटा शून्यावर न आणता ग १४ सेंटच्या आसपास खाली लावतात. ए पेडलचा ध, जो म-च्या कॉर्डमध्ये गंधाराचं काम करतो, तो सुमारे १६ सेंट खाली. आणि लिव्हरचा कोमल रे, जो ए पेडलबरोबर ध-च्या कॉर्डचा गंधार होतो, तो तर जवळपास ३० सेंट खाली.

मग सगळं सुरेल होतं का? नाही, आणि हे कोणाच्या चुकीमुळे नाही. रे हा सूर प-च्या कॉर्डसाठी लावला तर ए पेडलच्या ध-बरोबर तो २२ सेंटनी भांडतो. ध-साठी लावला तर प-शी भांडतो. आपल्या श्रुतिचर्चेत रे-च्या दोन जागांबद्दल जो वाद आहे तो हाच. गायक त्या क्षणी गळ्याने जागा बदलतो. तारेला गळा नाही, फक्त नट आहे. म्हणून काही वाद्यांत रे-च्या तारेलाही ए पेडलवर एक नाममात्र ओढ देतात, ती काही सेंटनी हलावी एवढ्यासाठी.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. बँडमध्ये पियानो आणि साधं गिटार समान तुकड्यांवर चालतात. त्यांच्यात शुद्ध गंधार घेऊन बसणारा एकटा पडतो. जेफ न्यूमनसारख्या शिक्षकाने खाली लावलेल्या गंधारांचे तक्ते विद्यार्थ्यांना दिले, तर बडी एमन्स नंतरच्या काळात समान तुकड्यांच्या जवळ सरकला. दोघेही कानाचे पक्के. माझ्या मते एकट्याने शिकणाऱ्याने शुद्ध जागांपासून सुरुवात करावी, कारण कानाला आधी खरा गंधार कळला पाहिजे. बँडबरोबर बसायची वेळ आली की ग पाच-सात सेंट वर घ्यावा. उलट्या दिशेने जाणाऱ्याचा कान काट्याचा गुलाम होतो.

टाकी आणि नळ

यंत्र झालं, सूर झाले. आता वीज. उजवा पाय या वाद्यात सूर बदलणाऱ्या पेडलांवर नसतो, तो व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि नवशिक्याला तो आवाज मोठा करण्यासाठी आहे असं वाटतं. त्याचं काम वेगळं आहे. छेडलेल्या तारेचा आवाज पहिल्या क्षणी मोठा असतो आणि मग उतरत जातो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी होत गेलं की नळाची धार बारीक होते. धार तीच ठेवायची तर नळ हळूहळू जास्त उघडावा लागतो. वादक अर्ध्या उघड्या पेडलवर तार छेडतो आणि सूर विझू लागला की पाय सावकाश पुढे दाबत जातो. त्यामुळे गिटारचा सूर व्हायोलिनसारखा टिकतो. जुन्या पद्धतीच्या पेडलमध्ये दोरीने फिरणारा रोधक असतो. तो झिजला की खरखरतो, आणि वरच्या पट्टीतली थोडी चमकही खातो. प्रकाशकिरणावर चालणाऱ्या पेडलमध्ये झिजण्यासारखं काही नसतं, पण त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो. रोज वाजवणाऱ्याला दुसरा परवडतो. सुरुवातीला पहिला पुरेसा आहे, रोधक वेळेवर बदलला म्हणजे झालं.

या पेडलवरून अ‍ॅम्प्लिफायर कसा हवा ते आपोआप ठरतं. नळ पूर्ण उघडायची मुभा राखून ठेवायची तर अ‍ॅम्प्लिफायरकडे नेहमीच्या आवाजाच्या बरीच वर शिल्लक ताकद हवी. शिवाय आवाज फाटून चालत नाही. फाटलेल्या आवाजात दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे, न मागितलेले सूर जन्मतात. एका तारेवर ते रंगत आणतात, चार तारांच्या कॉर्डमध्ये चिखल करतात. नुसत्या अर्ध्या-एका स्वराच्या हालचालीवर उभ्या असलेल्या वाद्याला हा चिखल परवडत नाही. म्हणून फेंडर ट्विन रिव्हर्ब, पीव्हीचे सेशन ४०० आणि नॅशव्हिल ४०० अशा भरपूर ताकदीच्या, स्वच्छ आवाजाच्या पेट्या आणि बऱ्याचदा पंधरा इंची स्पीकर या वादकांच्या मागे दिसतात. रॉबर्ट रँडॉल्फ मात्र चर्चच्या परंपरेतून आलेलं पेडल स्टील भरपूर फाटलेल्या आवाजात वाजवतो आणि श्रोत्यांना उभं करतो. ते कसं जमतं? त्याच्या वादनात कॉर्डपेक्षा एका तारेची, गायकाच्या आर्त हाकेसारखी चाल पुढे असते. ज्याला तसं वाजवायचं आहे त्याने तसा आवाज जरूर घ्यावा. आधी काय वाजवायचं ते ठरलेलं असावं, एवढंच.

पिकअपबद्दल थोडक्यात. एका वेटोळ्याचा पिकअप उजळ वाजतो पण घरातल्या विजेची गुणगुण पकडतो, दोन वेटोळ्यांचा शांत असतो पण थोडा गोलसर. फरक खरा आहे, ऐकू येतो, आणि वर सांगितलेल्या सगळ्यानंतर येतो. त्यापेक्षा दांडा महत्त्वाचा. साधारण पाव किलोचा जड, आरशासारखा घासलेला दांडा तारांवर नुसता टेकवला तरी सूर भरतो. हलका दांडा दाबावा लागतो, आणि दाबला की सूर चढतो.

पाय कुणाचे, वाद्य कुणाचं

ए, बी, सी हे पेडल डावीकडून उजवीकडे असावेत ही एमन्सची पद्धत. नेमका उलटा क्रम, सी, बी, ए, ही जिमी डे या वादकाची. वरकरणी हा हट्ट वाटतो. पण ए पेडल आणि सा चढवणारा लिव्हर नेहमी जोडीने लागतात. एमन्सच्या मांडणीत ए डाव्या टोकाला आहे आणि तो लिव्हरही गुडघ्याच्या डावीकडे, म्हणजे पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला कलतात. डेच्या मांडणीत दोन्ही उजवीकडे. घोटा कुठे सहज कलतो हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. जास्त शिकवण्या आणि तयार वाद्यं एमन्स मांडणीची आहेत, हे मात्र सुरुवात करणाऱ्याच्या लक्षात असावं. उंचीचंही तसंच. मांडी लिव्हरांखाली अडकत असेल तर वाद्याचे पाय वाढवून घ्यावेत, माणसाने आक्रसून बसू नये.

एक गळा की दोन? दोन गळ्यांच्या वाद्यात दुसऱ्यावर ‘सी सिक्स्थ’ ही जॅझच्या अंगाची जुळणी आणि तिचे वेगळे पेडल असतात. वजन पेटीसकट तीस किलोच्या आसपास जातं. बारा तारांत दोन्ही जुळण्या एकत्र बसवण्याचा तिसरा मार्गही आहे. जास्त खटके म्हणजे जास्त संगीत, असं समजणाऱ्यांनी लॉइड ग्रीनकडे पाहावं. नॅशव्हिलमधला हा अत्यंत मागणी असलेला वादक, आणि त्याने १९७०च्या दशकात दुसरा गळा काढून टाकला आणि त्या जागी कोपर टेकायला गादी बसवून घेतली. शो-बड कंपनीने त्यावरून ‘एलडीजी’ नावाचं मॉडेलच काढलं. नव्या माणसाला दहा तारा, तीन पेडल आणि चार लिव्हर वर्षानुवर्षं पुरतात.

जुनं वाद्य समोर आलं तर अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याआधी एक परीक्षा घ्या. चौथ्या तारेला ट्यूनर लावा. सा चढवणारा लिव्हर दाबून सोडा आणि काटा पाहा. मग सा उतरवणारा लिव्हर दाबून सोडा आणि पुन्हा पाहा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी परतला तर बाकीचं सगळं हळूहळू जमवता येईल. परतला नाही, आणि रोलर व स्प्रिंग साफ करूनही परतत नसेल, तर आवाज कितीही गोड असला तरी ते वाद्य घेऊ नका.